हाड मोडलेलं नाही

आमच्याकडं एक्स-रेला एक्स-रे कुणी म्हणत नाही, फोटो म्हणतात. डॉक्टरनं "फोटो काढून या" म्हणून सांगितलं की माणसं माझ्या खोलीत येतात. काही बायका तर खरोखरच पदर सारखा करून, तोंड पुसून मशिनीपुढं उभ्या राहतात. पूर्वी मला त्याचं हसू यायचं. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात असले फोटो काढता काढता माझे केस पिकले. एवढ्या वर्षांत मला एकच गोष्ट धड आली, ती म्हणजे हाड बघायला. बघितलेलं बोलून दाखवायची मात्र मला परवानगी नाही. माझी सगळी रड त्याचीच आहे, तर ते आधीच सांगून टाकतो.

दुखणं हाताचं असलं तर मला फोटोच्या आधीच अर्धं कळतं. म्हातारी न्हाणीत घसरून पडलेली असली की ती आपलं मनगट दुसऱ्या तळहातावर ठेवून आणते, आणि ते मनगट बाजूनं बघितलं तर पालथ्या चमच्यासारखं वाकलेलं दिसतं. मोटारसायकलवरून पडलेला माणूस मान एका बाजूला टाकून, एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर उचलून धरून आला की समजायचं, गळ्याचं हाड गेलं. खांदा निखळून पुढं आलेला असला तर खांद्याची गोलाई जाते आणि तिथं टोक निघतं, शर्ट खुंटीला टांगल्यावर निघतं तसं. त्याला तर फोटोची गरजसुद्धा नसते, पण कागदाला कागद लागतो म्हणून काढायचा.

लेकरांची हाडं मात्र लय फसवतात. कोपराला चीर गेली तरी पुष्कळदा रेघ दिसतच नाही. दिसते ती कोपराच्या मागं उठलेली एक काळी सावली. आत रक्त साचतं, तिथली चरबी वर ढकलली जाते, तिची ती सावली. ज्याला माहीत आहे त्याला ती दिसते, बाकीच्यांना स्वच्छ हाड दिसतं.

या सावलीपायीच एकदा भर रांगेत माझी इज्जत गेली. खूप वर्षं झाली त्याला. पालमकडचा एक माणूस चिंचेवरून पडलेलं लेकरू घेऊन आला होता. तेव्हाच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला, "मुरगळलंय, पट्टी बांधा" म्हणाले आणि मोकळे झाले. जाता जाता त्या माणसानं मला विचारलं, "काई भ्याव न्हाई ना, साहेब?" मी तेव्हा जवान होतो, डोक्यात हवा होती. म्हणालो, "भ्याव कसं न्हाई? हाडाला चीर हाय. पिलास्टर करून घ्या." तो बिचारा तसाच माघारी डॉक्टरांपुढं जाऊन उभा राहिला. पाच मिनिटांत डॉक्टर माझ्या दारात. "तू डॉक्टर आहेस का? मग चल, माझ्या खुर्चीत येऊन बस! मी काढतो फोटो!" बाहेर बाया-माणसं माना लांब करून बघत होती. लेकराला प्लॅस्टर झालं, पण ते परभणीला जाऊन, दुसरीकडं. इकडं माझ्या नावानं एक पत्र निघालं आणि भिंतीवर लावायला एक मजकूर आला: 'क्ष-किरण तंत्रज्ञ रोगनिदान सांगत नाहीत. कृपया विचारू नये.' कागद मीच आणला. डिंकही मीच लावला.

तेव्हापासून कानाला खडा. ते डॉक्टर बदलून गेले, त्यांच्यामागं किती आले आणि गेले, पण कागद तिथंच. एकदा फाटला तर मी स्वतः नवा करून लावला, आता बोला! नियम चूक आहे असं मी म्हणत नाही. मी बारावीनंतर दोन वर्षं शिकलेला माणूस, डॉक्टर नाही. माझ्यासारखा प्रत्येकजण निदान सांगत सुटला तर दवाखान्याचा बाजार होईल. पण पेशंटला सांगू नका म्हणजे डॉक्टरलाही सांगू नका असं कुठं लिहिलं होतं? तसं काही लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या मनानं जोडून घेतलं, कारण त्यात सुख होतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मला शिकवणाऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एका फोटोवर विश्वास ठेवायचा नाही. एक समोरून काढायचा, एक बाजूनं. खांबाच्या मागं उभा राहिलेला माणूस समोरून दिसत नसतो. कोपर, मनगट, यांचे आम्ही दोन काढतो. खांद्याचा मात्र आमच्या दवाखान्यात एकच. का? तर पूर्वी फिल्म पुरायची नाही, म्हणून कुणीतरी खांद्याची एक फिल्म वाचवायला सुरुवात केली. पुढं कॉम्प्युटरवरची मशीन आली, फिल्मचा संबंधच उरला नाही, पण खांद्याचा फोटो एकच राहिला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. सरकारी दवाखान्यात एकदा लागलेली सवय अशी सहजासहजी सुटत नाही.

जिच्यापायी हे सगळं सांगतोय ती पोरगी आली तो मे महिना होता. परभणीचा मे. दवाखान्याच्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. बोरीकडची होती, बावीस-तेवीसची, अंगात ट्रॅकपँट, पायात झिजलेले बूट, आणि उजवा हात पोटाशी धरलेला. संगं आई होती, अंगणवाडीत मदतनीस. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं होतं: विजेचा शॉक, खांदा दुखणे, खांद्याचा फोटो.

"कशाचा शॉक?" मी विचारलं.

"कूलरचा वो, दादा," आई म्हणाली. "पाणी टाकायली होती. लोखंडी कूलर हाय आमचा. हात वला, पाय वले. चिटकूनच बसली. मी लाकडानं हाणून सोडविली तिला."

"पडली का खांद्यावर?"

"न्हाई, न्हाई. पडली न्हाई. जाग्यावर बसली खाली."

पडली नाही म्हणल्यावर कुणालाही वाटेल, मग हाडाला काय व्हायचंय. इथंच तर फसतात सगळे. करंट बसला की अंगातले सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि त्या हिसक्यानं दंडाचं हाड खोबणीतून निसटून मागं जाऊ शकतं. पुढं निसटलेला खांदा आंधळ्यालाही दिसेल. मागं गेलेला दिसत नाही. मी तोवर असे दोन बघितले होते, दोन्ही फिट येणाऱ्या माणसांचे.

मी तिला मशिनीपुढं उभं केलं. हात जरा बाहेरच्या अंगाला फिरव म्हणालो. तिनं दात आवळले, पण हात पोटावरून हलेना.

"काका," ती म्हणाली, "तीन हप्त्यांवर मैदानी चाचणी आलीय माझी. पोलीस भरतीची. पळण्यात मी बसते, गोळाफेकीतच जरा कमी पडायलेव. दोनदा गोळ्यामुळंच गेली भरती. औंदा आईनं वेल्डिंगवाल्याकडून चार किलोचा गोळा करून आणला, रोज पहाटं टाकायलेव. आता फुटभरच ऱ्हायलं होतं. मला फक्त एवढं सांगा, टाकता येईल का न्हाई."

मी म्हणालो, "हलू नको. श्वास रोख."

पडद्यावर फोटो आला. दंडाच्या हाडाचं वरचं डोकं समोरून बघितलं तर काठीच्या मुठीसारखं एका बाजूला कललेलं दिसतं. खोबणीवर ते थोडं चढलेलं असतं, दोन्हीची सावली एकात एक. हिचं डोकं गोल होतं. सगळीकडून सारखं गोल, विजेच्या बल्बसारखं, आणि खोबणीपासून जरा सुटलेलं. कुठं चीर नाही, तुकडा नाही. ज्याला माहीत नाही त्यानं म्हणावं, वा, काय सुंदर फोटो आहे! हाड आतल्या बाजूला फिरून अडकलं की ते असं दिसतं. मला नव्वद टक्के खात्री होती. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी बाजूनं एक फोटो काढायचा होता. तिला नुसतं तिरपं उभं करायचं, हात हलवायचीसुद्धा गरज नाही. दोन मिनिटांचं काम.

आता आमच्याकडची रीत बघा. मशीन आली पण छापायची फिल्म महिनोन्‌महिने येत नाही. म्हणून पडद्याचाच मोबाइलवर फोटो काढायचा आणि डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपला टाकायचा. डॉक्टर कुठं, तर चार खोल्या पलीकडं! पण त्यांच्यापुढं दीडशे केसपेपर, ते उठून येणार कधी? हाताच्या पंजाएवढ्या काचेवर ते हाड बघतात, एका हातानं बीपी बघता बघता. पेशंटलाही त्याच्या मोबाइलवर तोच फोटो काढून द्यायचा. मी दोन्ही केलं. डॉक्टरांचा अंगठा आला, आणि खाली दोन शब्द: हाड ठीक.

मी फोन लावला. हे मी केलं, एवढं तरी केलं, असं पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिलो.

"सर, त्या खांद्याचा एक बाजूनं पण घेऊ का?"

पलीकडून मागं लेकरं रडायचा आवाज. डॉक्टर म्हणाले, "का? तुला काही दिसतंय का त्यात?"

आता यात टोमणा होता की खरोखरच विचारणं होतं, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही. बहुतेक खरंच विचारत होते. माणूस वाईट नव्हता, नुसता पार पिचलेला होता. पण माझ्या कानात ती जुनी रांग, ते "खुर्चीत येऊन बस." 

"न्हाई सर," मी म्हणालो. "असंच विचारलं."

"मग असू दे. लिहिलंय तेवढंच काढ बाबा, बाहेर रांग बघ."

विचारलं होतं हो त्यांनी! दार उघडून दिलं होतं, आणि मी ते आतून लावून घेतलं. आजवर ज्या डॉक्टरांच्या नावानं मी चहाच्या टपरीवर बोटं मोडत आलो, त्यातल्या एकानं आयुष्यात एकदा मला विचारलं, तर मी शेपूट घातली.

फोन ठेवला तर मायलेकी माझ्याच तोंडाकडं बघत होत्या.

"हाड मोडलंय का वो, दादा?" आईनं विचारलं.

पोरीनं तिला कोपर मारलं. "आई, विचारू नको. लिहिलंय बघ तिथं." भिंतीवरचा कागद तिनं वाचला होता. मग खालच्या आवाजात तिनंच विचारलं, "पण काका, काई न्हाई ना?"

मी म्हणालो, "हाड मोडलेलं नाही."

आणि ते खरं होतं, बघा. कोर्टात उभं केलं असतं तरी मी खोटा पडलो नसतो. हाड मोडलेलं नव्हतं. ते फक्त जाग्यावर नव्हतं. आईचा चेहरा असा उजळला की मला तिच्याकडं बघवेना. "लय बरं झालं, माय," ती पोरीला म्हणाली. "ऐकलं का, मोडलं न्हाई." निघताना मला म्हणाली, "जय भीम, दादा." मीही "जय भीम" म्हणालो, मशिनीचं काहीतरी पुसत.

माझ्या दारासमोरच औषधाची खिडकी आहे. खिडकीतल्या बाईनं सवयीनं म्हणलं, "हात कर." पोरीनं उजवा पंजा पुढं केला, तो पालथाच. उलटा करायला गेली तर होईना. तळहात आभाळाकडं होत नसला की खांदा मागं निसटलाय, याला फोटोची गरज नाही, मशीन नको, डॉक्टर नको. तिनं डावा हात पुढं केला आणि गोळ्या घेतल्या. मी हे सगळं माझ्या दारात उभा राहून बघितलं आणि मग पुढच्या पेशंटला आत घेतलं.

असला खांदा पहिल्या आठ-दहा दिवसांत बसवला तर बहुतेक बसतो. भूल द्यायची, ओढून, फिरवून जाग्यावर आणायचा. तीन हप्ते गेले की मग अवघड. हे मला माहीत होतं. माझ्या रजिस्टरमध्ये तिचा मोबाइल नंबर लिहिलेला होता, माझ्याच अक्षरात. दुसऱ्या दिवशी मी ते पान काढलं. कामून काढलं, ते मला आणि माझ्या देवालाच ठाऊक, कारण फोन काही मी लावला नाही. म्हणलं, बरं वाटलं नाही तर येईलच की परत. म्हणलं, परभणीला दाखवतील. म्हणलं, माझा अंदाज चुकला असेल. दहाव्या दिवशी रजिस्टर भरलं आणि मी ते कपाटात ठेवलं.

ती परत आली तेव्हा जुलै संपत आला होता. त्या महिन्यापासून दर गुरुवारी परभणीहून हाडाचे डॉक्टर यायला लागले होते. दोन महिने आधी आले असते तर काय बिघडलं असतं! त्यांनी तिचा हात नुसता धरून बघितला आणि कागदावर लिहिलं: खांदा, दोन बाजूंनी.

बोलली सगळी आईच. पोरगी भिंतीकडं तोंड करून बसली होती.

"मोडलं न्हाई म्हणल्यावर आमी चोळून घेतलं," आई सांगायला लागली. "चारठाण्याकडं एकजण हाय, तेल लावून ओढतो. चार येळा नेलं. लय वरडायची. मी म्हणायची, माय, हाड शाबूत हाय, जरा सोस. दवाखान्यातल्या दादांनी सांगितलंय."

दवाखान्यातले दादा म्हणजे मी.

"मैदानीला गेली तशीच. हात पोटाला धरून पळाली वो, आन् तरी दुसरी आली पळण्यात. मंग गोळा. उजव्यानं उचलंना. तितल्या साहेबाला इच्यारलं, डाव्यानं टाकू का? ते म्हणले, टाक. तर पायाजवळच पडला. तीन चान्स असतेत. तिन्ही पायाजवळच."

पोरीला उभं केलं. समोरून एक काढला, मग तिरपं करून दुसरा. हात हलवायची खरंच गरज पडली नाही, दोन मिनिटंही लागली नाहीत. पडद्यावर आलं: खोबणी रिकामी, आणि हाडाचं डोकं तिच्या मागं जाऊन बसलेलं. खोबणीची कड त्यात रुतून रुतून पुढच्या बाजूला खड्डा पडला होता. दोन महिन्यांचा खड्डा. आता ओढून काही व्हायचं नव्हतं. आता ऑपरेशन, तेही मोठ्या शहरात, आणि त्यानंतरही हात किती उचलेल हे कुणी सांगू शकत नव्हतं. चार किलोचा गोळा तर सोडाच.

पडद्याचा फोटो काढून देण्यासाठी मी मोबाइल मागितला. तिनं दिला नाही. डाव्या हाताच्या अंगठ्यानं ती त्यात काहीतरी शोधत होती. मग उठली आणि मोबाइल माझ्या पडद्याला टेकवून धरला. मेमधला फोटो होता. मीच काढलेला. गोल, सुंदर, बल्बसारखं हाड, आणि त्याच्यावर काचेत उमटलेला मी, हातात मोबाइल धरलेला, तोंड मिटलेला.

"हे समोरून काढलेलं," तिनं आत्ताच्या फोटोकडं हनुवटीनं दाखवलं, "आन् हे तवाचं. दोन्हीत सारखंच गोल हाय. डॉक्टरनं आत्ता हे तवाचंच बघून सांगितलं मला, असं गोल नसतंय म्हणून."

"हो," मी म्हणालो.

"तुमाला दिसलं होतं का तवा?"

मी नाही म्हणू शकलो असतो. कुणाच्या बापाला कळलं नसतं. भिंतीवर माझ्या बाजूनं कागद होता, फोनवर डॉक्टरांचा अंगठा होता. पण तिचा हात माझ्यापुढं पोटाशी पालथा पडला होता.

"दिसलं होतं," मी म्हणालो.

आई एकदम उभी राहिली. "मंग सांगितलं कामून न्हाई, दादा?"

मी भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं. किती नालायक माणूस, अजूनही त्याचाच आधार शोधत होतो! पोरीनंही तिकडं बघितलं. ती ओरडली नाही, रडलीही नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"लिहिलेलं तर मी तवाच वाचलं होतं, काका," ती म्हणाली. "विचारू नये म्हणून. तरी मी तुमालाच विचारलं होतं."

मग तिनं मोबाइल माझ्याकडं दिला, मी नवे दोन फोटो काढले, आणि तिनं पुढं केलेल्या डाव्या हातात तो ठेवला.